पुरात बुडालेल्या ट्रॅक्टरचा जाम गिअरबॉक्स मोकळा करताना

कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये तेथील पाणी ५५ फुटांच्या वर गेले. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांचा टप्पा पार केला. त्याआधी २००५ मध्ये आणि नंतर २०२१ मध्येही या खोऱ्यातील गावांनी महापूर अनुभवला. पूर ओसरल्यावर ऊस, सोयाबीन व भाजीपाल्याचे नुकसान लगेच डोळ्यांना दिसते. शेडमध्ये अनेक दिवस पाण्यात उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरचे नुकसान मात्र लोखंडी आवरणाच्या आत असते. रब्बीच्या मशागतीची वेळ येते, क्लच दाबून गिअर टाकण्याचा प्रयत्न होतो, आणि लिव्हर जागचा हलत नाही.

लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने पंचवीस-तीस वर्षांचा जुना ट्रॅक्टर ही भंगाराची वस्तू नसते. त्याचे कर्ज फिटलेले असते, स्वतःची नांगरट त्यावर होते आणि शेजाऱ्यांच्या भाड्याच्या कामातून चार पैसे हाती येतात. तो बंद पडला तर एका हंगामाची मशागत परावलंबी होते. अशा वेळी गंजलेला गिअरबॉक्स वाचेल की मोडीत जाईल, हे बहुधा गंजावर ठरत नाही. पहिल्या काही दिवसांत त्याला कसे हाताळले, यावर ते ठरते. गंजाने धरलेले भाग तेल, वेळ आणि थोड्या थोड्या हालचालीने सुटतात. तेच भाग दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून किंवा इंजिनाचा जोर लावून सोडवू गेल्यास दात तुटतात आणि आवरणाला तडा जातो.

जोर का लावू नये

याचे कारण गिअरबॉक्सच्या रचनेतच आहे. साधारण ३५ ते ४० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर ‘लो’ पहिल्या गिअरमध्ये ताशी सव्वादोन किलोमीटरच्या आसपास चालतो. मागील चाकाचा परिघ सुमारे ४ मीटर धरला तर चाक मिनिटाला नऊ-साडेनऊ फेरे घेते. त्याच वेळी इंजिनाचे मिनिटाला २००० फेरे होत असतात. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे दोनशेहून अधिक फेरे होतात आणि जेवढा वेग घटतो, जवळपास तेवढ्याच पटीने पिळ वाढतो. नांगर ओढताना हाच वाढलेला पिळ उपयोगी पडतो. शेवटचे बेअरिंग किंवा पिनियन गंजाने धरलेले असेल, तर तोच पिळ सर्वांत कमकुवत दातावर एकवटतो.

उलट बाजूने पाहिले तरी धोका टळत नाही. ट्रॅक्टर गिअरमध्ये ठेवून दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढला, तर चाक एकदा फिरण्यासाठी आतील शाफ्टना कित्येक पट अधिक फिरावे लागते. ते फिरले नाहीत तर चाक घसरते किंवा दात तुटतो. म्हणून पुराच्या पाण्यातून निघालेल्या वा वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या ट्रॅक्टरला तपासणीपूर्वी स्टार्टर मारू नये आणि गिअरमध्ये ठेवून ओढू नये. बॅटरीची तार आधीच सोडून ठेवावी.

विमा असल्यास हा नियम आणखी महत्त्वाचा ठरतो. बुडालेले यंत्र तपासणीविना सुरू केल्यामुळे वाढलेले नुकसान विमा कंपन्या सहसा भरून देत नाहीत. त्यामुळे ट्रॅक्टर हलवण्याआधी पाण्याची खूण दिसेल अशी छायाचित्रे घ्यावीत, विमा कंपनीस कळवावे व पंचनामा करून घ्यावा.

पहिला दिवस: पाणी काढावे, पण पोकळी कोरडी ठेवू नये

बहुतेक भारतीय ट्रॅक्टरना वेगळी चासी नसते. इंजिन, क्लच हाऊसिंग, गिअरबॉक्स आणि मागील अॅक्सलचे हाऊसिंग एकमेकांना बोल्टने जोडून ट्रॅक्टरचा सांगाडा तयार होतो. अनेक मॉडेलमध्ये गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक लिफ्ट यांचे तेल एकच असते. पाणी आत शिरते ते प्रामुख्याने ब्रीदर, डिपस्टिकचे छिद्र, गिअर लिव्हरचा रबरी बूट आणि झिजलेले ऑइल सील यांतून.

पाणी तेलापेक्षा जड असल्याने ते तळाशी बसते. ड्रेन प्लग सावकाश ढिला केल्यास आधी पाणी, मग दुधाळ मिश्रण आणि शेवटी तेल बाहेर येते. आधी किती पाणी आले, ते मोजून लिहून ठेवावे. त्यावरून पाणी आत कोणत्या उंचीपर्यंत चढले होते, याचा अंदाज बांधता येतो.

येथे एक चूक वारंवार होते. पाणी काढले, आता आत हवा लागून ते वाळेल, असे समजून गिअरबॉक्स रिकामा ठेवला जातो. गंज चढण्यास पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. पूर्ण बुडालेल्या पोलादापेक्षा ओले राहून हवेत उघडे पडलेले पोलाद अधिक वेगाने गंजते. बेअरिंगच्या आरशासारख्या पृष्ठभागावर एक-दोन दिवसांतही डाग दिसू लागतात. म्हणून पाणी काढल्याच दिवशी आत डिझेल व साधे इंजिन ऑइल यांचे मिश्रण भरावे. तेवढे तेल हाताशी नसेल, तर वरचे झाकण उघडून सर्व दातांवर, रॉडवर व बेअरिंगवर ते ब्रशने वा तेलदाणीने मुबलक सोडावे.

काढलेले तेल ओढ्यात किंवा बांधावर ओतू नये. वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या कक्षेत येते. ते डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडे द्यावे.

गाळ कोणता आहे, हेही पाहावे

गाळाच्या जातीनुसार धुण्याची पद्धत बदलते. कृष्णा-पंचगंगेच्या सखल पट्ट्यात काळ्या मातीचे प्रमाण मोठे आहे. या मातीतील चिकणखनिज पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसून घट्ट होते. दातांच्या खोबणीत आणि सिलेक्टर रॉडच्या छिद्रात तो थर वाळला, तर गंज नसतानाही लिव्हर जाम होतो. अशा गाळास वाळू न देणे हाच उपाय होय. तो ओला असतानाच धुऊन काढावा.

पंचगंगा हे नाव कोल्हापूरच्या नदीचे आहे, तसेच ते काशीच्या एका घाटाचेही आहे. मराठी कुटुंबांची जुनी वस्ती असलेल्या या पंचगंगा घाटाच्या वरच्या अंगाला मंगला गौरीचे मंदिर आहे. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर असून १९७८ च्या पुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. गंगा हिमालयातून जो बारीक गाळ आणते, त्यात क्वार्ट्झ व अभ्रकाचे कण असतात. हा गाळ काळ्या मातीसारखा सिमेंटप्रमाणे धरत नाही, परंतु क्वार्ट्झचा कण पोलादालाही ओरखडे पाडण्याइतका कठीण असतो. त्या पट्ट्यातील ट्रॅक्टरचा गिअर सहज हलला, तरी धुण्यापूर्वी तो फिरवत राहणे म्हणजे बेअरिंगमध्ये घासकागद फिरवणे होय. महाराष्ट्रातही वाळूमिश्रित गाळ येणाऱ्या नदीकाठी हीच काळजी घ्यावी. काळ्या गाळात विलंब घातक ठरतो, तर वाळूच्या गाळात घाईने फिरवणे घातक ठरते.

नेमके काय जाम झाले आहे?

‘गिअरबॉक्स जाम आहे’ ही तक्रार ऐकून थेट गिअरबॉक्स उघडणे योग्य नव्हे. क्लच, ब्रेक किंवा इंजिन जाम असले तरी बाहेरून लक्षण सारखेच दिसते. पुढील क्रमाने तपासणी केल्यास दोष कोणत्या भागात आहे, ते बहुतांशी कळते.

१. पुढील चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. मुख्य लिव्हर व हाय-लो लिव्हर न्यूट्रलमध्ये आणावेत आणि पार्किंग ब्रेक सोडावा. मागील दोन्ही चाके जॅकने उचलून अॅक्सल हाऊसिंगखाली भक्कम स्टँड किंवा लाकडी ठोकळे द्यावेत. केवळ जॅकच्या भरवशावर ट्रॅक्टरखाली जाऊ नये.

२. एक चाक हाताने फिरवावे. दुसरे चाक उलट दिशेने फिरले, तर डिफरन्शियल आणि दोन्ही बाजूंचे ब्रेक मोकळे आहेत, असे समजावे.

३. आता दुसरे चाक मदतनिसाने घट्ट धरावे आणि पहिले फिरवावे. या वेळी क्राउन व पिनियन फिरणे भाग असते. चाक फिरले नाही, तर दोष पिनियन किंवा गिअरबॉक्सच्या मागील शाफ्टकडे आहे.

४. दुसऱ्या पायरीतच चाक हलले नाही, तर आधी ब्रेकचा संशय घ्यावा. कोरड्या ब्रेकमध्ये पाणी गेल्यास ड्रम किंवा डिस्क गंजून धरतात आणि दोष विनाकारण गिअरबॉक्सवर जातो. ब्रेकचे झाकण उघडणे हे गिअरबॉक्स उघडण्यापेक्षा पुष्कळ सोपे काम आहे.

५. चाके मोकळी असून गिअर पडत नसेल, तर दोष सिलेक्टर रॉड, शिफ्टर फोर्क किंवा क्लचमध्ये असतो. इंजिन बंद असताना गिअर पडतो, पण क्लच दाबूनही चाके इंजिनापासून सुटी होत नाहीत, हे क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटल्याचे लक्षण आहे. ही तपासणी इंजिन सुरू न करता, गिअर टाकून व क्लच दाबून चाक हाताने फिरवून करता येते.

क्लच चिकटला असल्यास

क्लच हाऊसिंगच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी छिद्र असते. भाताच्या चिखलणीच्या वेळी काही मॉडेलमध्ये तेथे प्लग बसवतात आणि नंतर तो काढायचा राहून जातो. हे छिद्र प्रथम मोकळे करावे व आतील पाणी जाऊ द्यावे. नंतर क्लच पेडल पूर्ण दाबून लाकडी टेकूने वा अडकवणीने तसेच ठेवावे. एक-दोन दिवस ठेवून, मोठा गिअर टाकून, मागील चाक हाताने पुढे-मागे हलवावे. पुष्कळदा प्लेट एवढ्यानेच सुटते. क्लच प्लेटच्या अस्तरावर तेल किंवा डिझेल मुळीच जाऊ देऊ नये. तेल प्यायलेले अस्तर पुढे घसरते आणि ते बदलावेच लागते.

गिअर टाकलेल्या अवस्थेत इंजिन सुरू करून एकदम ब्रेक मारण्याची युक्ती गावोगाव सांगितली जाते. जमिनीवर उभे राहून स्टार्टरला पेचकस लावून ट्रॅक्टर सुरू करण्याची सवयही तितकीच रूढ आहे. गिअरमध्ये असलेला ट्रॅक्टर सुरू होताच पुढे झेपावतो आणि समोर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर जातो. हे दोन्ही प्रकार कटाक्षाने टाळावेत. पेडल दाबून ठेवण्याचा उपाय लागू पडला नाही, तर ट्रॅक्टर क्लच हाऊसिंगपाशी दुभागणे हाच सुरक्षित मार्ग असून ते काम प्रशिक्षित कारागिराकडेच द्यावे.

गिअर व शाफ्ट मोकळे करणे

गिअर लिव्हरचे झाकण उघडल्यावर गंज कोठे आहे, हे शांतपणे पाहावे. केवळ उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरमध्ये दमट हवा ब्रीदरमधून आत येते, रात्री थंड लोखंडावर तिचे पाणी होते आणि तेलाच्या पातळीच्या वरचे भाग गंजतात. पुरात बुडालेल्या ट्रॅक्टरमध्ये तळाशी साचलेल्या पाण्यामुळे खालच्या शाफ्टची बेअरिंग अधिक धोक्यात असतात. पहिल्या प्रकारात लिव्हर व रॉड जाम होतात, दुसऱ्यात शाफ्ट फिरेनासा होतो.

सिलेक्टर रॉड जाम असल्यास रॉडच्या खाचेत बसणारी लॉक-बॉल व तिची स्प्रिंग आधी काढून घ्यावी. ती जागेवर असताना रॉडवर ठोकल्यास खाच खराब होते. रॉडच्या दोन्ही टोकांना गंज सोडवणारे तेल सोडून काही तासांनी लाकडी वा पितळी ठोकळा मध्ये ठेवून हलके ठोके द्यावेत. पुढे सूतभर सरकला, की मागे आणावा, पुन्हा तेल सोडावे. हालचाल नेहमी दोन्ही दिशांनी करावी. एकाच दिशेने रेटल्यास सुटलेला गंज पुढे जाऊन पाचरीसारखा बसतो.

शाफ्ट जाम असल्यास सर्व गिअर बुडतील इतके डिझेल-तेलाचे मिश्रण भरून तीन ते सात दिवस मुरू द्यावे. लोखंडाचा गंज मूळ धातूच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळेच बेअरिंगच्या अरुंद फटीत तो घट्ट बसतो आणि तेल आत झिरपण्यास दिवस लागतात. रोज सकाळ-संध्याकाळ दोन माणसांनी हाताने चाक पुढे-मागे हलवावे. टायरवर आणि अॅक्सल हाऊसिंगवर खडूची खूण केली, तर किंचित हालचालही लक्षात येते. पहिल्या दिवशी बोटभर, तिसऱ्या दिवशी वीतभर अशी वाढ होत असेल, तर यंत्र सुटत आहे. हालचाल अजिबात वाढत नसेल, तर लांब पाइप लावून जोर वाढवू नये. त्या ठिकाणी बेअरिंग मोडलेले किंवा दातात तुकडा अडकलेला असण्याचा संभव अधिक असतो, आणि मग उघडण्याला पर्याय नाही.

गॅसची ज्योत वापरू नये. आत डिझेलची वाफ असते, बिडाच्या आवरणास असमान उष्णतेने तडा जातो आणि कठीण केलेल्या दाताचे पाणी उतरते. दात निळसर दिसू लागला, तर त्याचे काठिण्य गेले, असे समजावे.

काय ठेवावे, काय बदलावे

दातांवरील लालसर डाग बारीक घासकागदाने निघत असेल, तर गिअर वापरता येतो. डाग निघाल्यावर त्या जागी नख अडकेल असा खड्डा राहिला आणि तो दातांच्या एकमेकांवर घासणाऱ्या बाजूवर असेल, तर पुढे तेथूनच चिरा पडण्याची भीती असते. बेअरिंगच्या बाबतीत तडजोड नसावी. गोळ्यांवर वा कड्यावर एक जरी खड्डा दिसला तरी बेअरिंग बदलावे. ऑइल सील आणि गॅस्केट नवीनच घालावेत.

जुन्या मॉडेलच्या सुट्या भागांची अडचण खरी आहे. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडियाचे बी-२७५ किंवा पिंजोरच्या एच.एम.टी.चे ट्रॅक्टर अजूनही शिवारात दिसतात. एच.एम.टी.चा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय मात्र २०१६ मध्येच झाला. अशा वेळी बेअरिंगवरील क्रमांक कामी येतो. तो कंपनीनिहाय नसून सर्वत्र समान असतो. ६२०८ किंवा ६३०८ या क्रमांकातील शेवटच्या दोन अंकांना ५ ने गुणले, की आतील व्यास ४० मिलिमीटर मिळतो. पहिले दोन अंक बेअरिंगचा प्रकार व जाडीची मालिका सांगतात. जुने बेअरिंग पुसून त्यावरचा पूर्ण क्रमांक लिहून घेतल्यास ते ट्रॅक्टरच्या दुकानात नसले तरी बेअरिंगच्या कोणत्याही चांगल्या दुकानात मिळू शकते.

आवरणाला तडा गेला असेल, किंवा क्राउन-पिनियन आणि दोनहून अधिक गिअर निकामी असतील, तर मात्र खर्चाचा हिशेब आधी मांडावा. भाग, मजुरी आणि हंगामातील खोटी यांची बेरीज त्याच मॉडेलच्या चालू स्थितीतील जुन्या गिअरबॉक्सच्या किमतीशी ताडून पाहावी.

धुणे आणि पुन्हा चालू करणे

सर्व भाग हाताने मोकळे फिरू लागल्यावर आतील मिश्रण काढून स्वच्छ डिझेलने दोनदा धुवावे. या काळात केवळ हातानेच फिरवावे. अनेक ट्रॅक्टरमध्ये इंजिन सुरू होताच हायड्रॉलिक पंप फिरू लागतो व हेच तेल ओढतो. आत डिझेल किंवा गाळ असताना इंजिन सुरू केल्यास पंपही हातचा जातो. म्हणून धुतल्यावर योग्य प्रतीचे पण कमी किमतीचे तेल भरावे. इंजिन स्वतंत्रपणे तपासून झाल्यावर, मागील चाके स्टँडवरच ठेवून, कमी वेगात प्रत्येक गिअर काही मिनिटे चालवावा. तेल कोमट असतानाच काढून पातळ कापडातून गाळावे. कापडावर बारीक काळपट भुकटी आली तर चिंता नसते, परंतु चकचकीत कपचे दिसले तर पुन्हा उघडून पाहावे. त्यानंतर हायड्रॉलिकचा फिल्टर बदलून निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रतीचे तेल भरावे. पहिल्या आठवड्यात हलकी कामे करून तेलाचा रंग पाहावा. ते पुन्हा दुधाळ झाले, तर कोठेतरी पाणी शिल्लक आहे.

पावसाळ्यापूर्वीची तयारी

पूररेषेतील गावांत विस्तार कार्यकर्त्यांनी मे महिन्यातच ट्रॅक्टरधारकांची यादी करून उंच जागा निश्चित करून ठेवावी. पातळी इशाऱ्याच्या खुणेपाशी पोहोचताच, म्हणजे राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट व आयर्विन पुलाजवळ ४० फूट होताच, यंत्रे हलवावीत. हलवणे शक्यच नसेल, तर ब्रीदर व डिपस्टिकचे तोंड प्लास्टिक व रबरी पट्टीने घट्ट बांधावे आणि पाणी उतरल्यावर ते आठवणीने सोडावे. जो ट्रॅक्टर दीर्घकाळ उभा राहणार असेल, त्यात तेल पूर्ण पातळीपर्यंत भरावे, क्लच पेडल दाबून अडकवून ठेवावे आणि दर पंधरवड्याला तो थोडा पुढे-मागे करावा.

गावातील एक-दोन तरुणांना या कामाचे शास्त्रशुद्ध शिक्षण मिळाले, तर पुरानंतरचे पहिले दोन दिवस वाया जात नाहीत. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषियंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्थेत ट्रॅक्टरची निगा व दुरुस्ती यांचे प्रशिक्षण दिले जाते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि जवळचे कृषी विज्ञान केंद्र यांच्याशीही संपर्क साधता येईल. असा प्रशिक्षित तरुण, दोन भक्कम स्टँड, एक चांगला जॅक आणि डिझेल-तेलाच्या मिश्रणाचा पिंप एवढे प्रत्येक पूरग्रस्त गावात जून लागण्यापूर्वी तयार असावे.